रुखवतात एक फाईलही हवी

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या परतवाड्यात मुली बघायला पाहुणे यायला लागतात. पोरगी बी.ए., बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असते. मुलाकडचे म्हणतात, "शिकू देऊ की! आमच्याकडे कॉलेजं काय कमी आहेत?" म्हणतात ते मनापासूनच. पण अर्ध्यातून कॉलेज बदलायचं कसं, हे कोणी विचारत नाही.

शेजारच्या मुलीचं असंच झालं. मे महिन्यात लग्न होऊन ती पुण्याला गेली. जुलैत तिचा फोन, "काकू, इथं मायग्रेशन मागून राहिले. ते काय असते हो?"

तर मैत्रिणींनो, हे समजून घेऊ. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि वाशिम हे 5 जिल्हे येतात. मुलगी अकोल्याला दिली तर नुसतं कॉलेज बदलतं. नागपूर किंवा पुण्याला दिली, की विद्यापीठच बदलतं. मग कॉलेजचा टीसी पुरत नाही, विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. नवं विद्यापीठ पात्रता तपासतं. दोन्हीकडचा अभ्यासक्रम जुळतो का आणि तिथं जागा आहे का, हेही बघावं लागतं.

तिचे बाबा एसटीनं अमरावतीला खेटे घालत राहिले. कागद हाती आले तोवर तिकडची प्रवेशाची तारीख उलटली होती. पोरीचं एक वर्ष गेलं. सासूबाई म्हणाल्या, "आता राहू दे, घरात बघ." ही मात्र अडून बसली. दुसऱ्या वर्षी अर्ज भरला, राहिलेले दोन विषयही काढले आणि पदवी घेतली. पण सगळ्यांनाच असं अडून बसता येतं का?

आता थोडी सोय झाली आहे. 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू केली. पास झालेल्या विषयांचे क्रेडिट तिथं मुलीच्या नावावर जमा होतात, अगदी बँकेतल्या पैशासारखे. शिक्षण मधेच थांबलं तरी ते साधारण 7 वर्षं धरले जातात. मुलीचं खातं उघडलं आहे का आणि त्यात क्रेडिट जमा झाले का, हे कॉलेजात विचारून घ्या. मात्र खात्यात क्रेडिट आहेत म्हणून प्रवेश मिळालाच, असं नाही.

शक्य असेल तर पदवीचं शेवटचं वर्ष होऊ द्या, मगच तारीख काढा. नाहीच जमलं, तर साखरपुडा झाला की नव्या कॉलेजात चौकशी करा. सगळ्या गुणपत्रिका, टीसी, मायग्रेशन आणि त्यांच्या झेरॉक्स एका फाईलमध्ये लावा. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव असतं, म्हणून विवाह नोंदणीचा दाखलाही त्यातच ठेवा.

भांडी किती, साड्या किती, याची यादी आपण महिनाभर आधी करतो. त्या यादीत पहिल्या नंबरावर ही फाईल लिहा. आणि ती मुलीच्याच हातात द्या, जावयाच्या नाही.