घरच्या शाळेला हवी तारीख आणि साक्षीदार

पाचगणीत मुले शिकायला येतात ती बहुधा घर सोडून. सेंट पीटर्स, किमिन्स, बिलिमोरिया, न्यू एरा, १९२२ साली सुरू झालेले संजीवन विद्यालय, अंजुमन-ए-इस्लामची शाळा अशी नावे घेतली की या गावाची ओळख पटते. मुंबई-पुण्याचे पालक मुलांच्या पेट्या घेऊन घाट चढतात आणि मुले मागे ठेवून घाट उतरतात. सुट्टी लागली की वसतिगृहे रिकामी होतात आणि हॉटेले भरतात.

अशा या गावात एक मुस्लिम कुटुंब गेली चार वर्षे आपल्या तीन मुलांना घरीच शिकवत आहे. वडिलांचे बाजारपेठेत दुकान आहे, आई विज्ञानाची पदवीधर आहे. थोरली मुलगी तेरा वर्षांची, मधला मुलगा दहा वर्षांचा आणि धाकटी सहा वर्षांची. थोरलीचे कुरआन हिफ्ज आणि बाकीचे विषय यांची सांगड शाळेच्या वेळापत्रकात बसेना, म्हणून चौथीनंतर तिला घरी शिकवायला सुरुवात झाली. पाठची भावंडे तिच्यामागून आली. कुटुंबाच्या विनंतीवरून येथे नावे दिलेली नाहीत.

मी शाळेत शिकवणारी. त्यामुळे "मुले घरी शिकतात" हे वाक्य कानावर आले की मनात पहिला प्रश्न येतो, शिकतात की नुसतीच घरी असतात? आपल्या समाजात हा प्रश्न मुलींच्या बाबतीत अधिक टोचणारा आहे. "घरी शिकते" असे सांगत सांगत कितीतरी मुलींचे शिक्षण सहावी-सातवीवर थांबते. कोणी बंद केले असेही म्हणता येत नाही, कारण तसे कोणी ठरवलेलेच नसते. दिवस जातात, एवढेच. या कुटुंबाने त्यावर जो उपाय शोधला आहे, तो मला वाचकांसमोर ठेवावासा वाटतो.

डिसेंबरची बैठक

नाताळच्या सुट्टीत या घरी सगळे नातेवाईक जमतात. वाई, सातारा, कराड, मिरज आणि मुंबईहून चाचा, फुफी, मामू, खाला आणि त्यांची मुले येतात. एक तारखेला नववर्ष साजरे करायचे, असा हेतू नाही. त्यांच्या घरी केक कापत नाहीत की फटाके उडवत नाहीत. पण शाळेत जाणाऱ्या चुलत-मावस भावंडांना त्याच दिवसांत सुट्टी असते, म्हणून तारीख ती. दुपारी अंगणात सतरंज्या अंथरल्या जातात, दालचा-चावल होतो, शेतावरून आलेली स्ट्रॉबेरी परातीत ठेवली जाते. जुहरनंतर बैठक सुरू होते.

बैठकीत दोन कामे असतात. पहिले, प्रत्येक मुलाने वर्षभरात शिकलेली एक गोष्ट सर्वांसमोर करून दाखवायची. दुसरे, येत्या वर्षाची उद्दिष्टे वहीत लिहून मोठ्याने वाचायची. त्याआधी गेल्या वर्षीचे पानही वाचले जाते. गेल्या वर्षी थोरलीची अकरा उद्दिष्टे होती, त्यांतील पाच पूर्ण झाली. उरलेली सहाही तिने वाचली. कोणी हसले नाही, कोणी रागावलेही नाही. मात्र जी तीन उद्दिष्टे "चांगले वाचन करणे" अशा थाटाची होती, ती पुरी झाली की नाही हे कोणालाच सांगता येईना. तेव्हा मोजता येत नाही ते उद्दिष्ट यापुढे वहीत लिहायचे नाही, असे ठरले.

दहा वर्षांच्या मुलाने या वेळी टेबललँडवरचा आपला प्रयोग मांडला. त्याने सपाट जागी एक काठी सरळ उभी केली, साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवला आणि मोजमापे लिहून घेतली. सावली सर्वांत आखूड झाली ती बारा वाजता नव्हे, तर १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास. त्यानंतर जवाल होतो आणि जुहरची वेळ सुरू होते. मग त्याने कारण सांगितले. भारताचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे आणि पाचगणी ७३.८ अंशांच्या आसपास. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटे लागतात. साधारण पावणेनऊ अंशांना चार मिनिटांनी गुणले की पस्तीस मिनिटे येतात.

सगळ्यांनी माशाअल्लाह म्हटले. तेवढ्यात साताऱ्याच्या शाळेत सातवीत शिकणाऱ्या फुफीजाद भावाने विचारले, मग मशिदीच्या वेळापत्रकात फेब्रुवारीत जवाल पावणेएकच्याही पुढे का जातो? पाचगणी तर जागची हलत नाही! मुलगा गप्प झाला. आईलाही पटकन उत्तर देता आले नाही. संध्याकाळी पुस्तके उघडल्यावर कळले की, पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, म्हणून सूर्य वर्षभर घड्याळाशी तंतोतंत जुळून चालत नाही. कधी पुढे असतो, कधी मागे. त्यावरून मुलाचे नव्या वर्षाचे पहिले उद्दिष्ट तयार झाले: दर महिन्याच्या एक तारखेला सावली मोजायची आणि बारा महिन्यांचा आलेख काढायचा.

या एका प्रश्नात बैठकीचे सारे मोल आहे. घरी शिकणाऱ्या मुलाला शिकवणारी आई, तपासणारी आई आणि शाबासकी देणारीही आईच असते. वर्गात मात्र शेजारच्या बाकावरचा मुलगा असतो, तो शंका काढतो. तो शेजारचा बाक वर्षातून एकदा तरी घरी आणणे, हे या बैठकीने साधते.

वहीची जुनी परंपरा

अशी कुटुंबाची वही आपल्याला अगदीच नवी नाही. मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्यांपैकी एक असलेले न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या कुटुंबात "अखबार" नावाच्या वह्या ठेवण्याची रीत होती. घरातील पुरुष, स्त्रिया आणि मुले त्यांत प्रवास, आजारपण, भेटीगाठी, वाचन यांच्या नोंदी करीत आणि त्या एकमेकांना वाचायला मिळत. ज्या काळात मुस्लिम स्त्रीच्या हाती लेखणी क्वचित दिसे, त्या काळात या घरातल्या मुली चार लोक वाचतील या जाणिवेने लिहीत होत्या. ज्या अंजुमनची शाळा आज पाचगणीत उभी आहे, तिच्या संस्थापकाच्या घरचा हा पाठ आहे.

त्याहून कितीतरी जुना दाखला सीरतमध्ये आहे. बद्रच्या लढाईत कैद झालेल्यांपैकी ज्यांच्याजवळ सुटकेसाठी द्यायला धन नव्हते, पण लिहिता-वाचता येत होते, त्यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अट घातली की, मदीनेतील दहा मुलांना लिहायला शिकवा आणि मुक्त व्हा. तेथे ना शाळेची इमारत होती, ना फळा. पण किती मुले आणि काय आल्यावर काम पुरे, हे दोन्ही ठरलेले होते. हजरत हफ्सा (रजि.) यांना हजरत शिफा बिन्ते अब्दुल्लाह (रजि.) यांनी लिहायला शिकवले, हेही हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. घरातले शिक्षण आपल्या परंपरेत आहेच, मात्र ते मोघम नव्हते.

खरा प्रश्न: परीक्षा

यंदाच्या बैठकीत खरी चर्चा झाली ती थोरलीच्या एका ओळीवर. तिने लिहिले होते: "या वर्षी मुक्त शाळेत नाव घालणे आणि २०२७ च्या एप्रिल-मेमध्ये दहावीची परीक्षा देणे." नात्यातल्या एका बुजुर्गांना ते पटले नाही. मुलगी हिफ्ज करते आहे, घरात आईसारखी शिकवणारी आहे, मग परीक्षेचा खटाटोप कशाला, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. अशा बैठकीत असे म्हणणारे कोणीतरी असतेच.

उत्तर दिले ते दादींनी. त्यांचे शिक्षण घरीच झाले. वडिलांनी त्यांना कुरआन, उर्दू आणि हिशेब शिकवला. आजही त्यांचे उर्दू अक्षर घरात सर्वांहून सुबक आहे. पण ऐन तिशीत पती वारले आणि गावातल्या अंगणवाडीत काम मागायला त्या गेल्या, तेव्हा दाखवायला एकही कागद नव्हता. वाचता येते, लिहिता येते, हे सांगून भागले नाही. पुढची वीस वर्षे त्यांनी शिलाई मशीनवर काढली. एवढे सांगून त्यांनी वही मागून घेतली आणि नातीच्या त्या ओळीखाली साक्षीदार म्हणून उर्दूत सही केली. बुजुर्गांनी मग दुआ दिली.

माहितीसाठी येथे काही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात घरशिक्षण अशी वेगळी तरतूद नाही. पण शाळेबाहेर असलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम ४ ने दिला आहे. म्हणजे चौदाव्या वर्षापर्यंत परतीचा दरवाजा उघडा आहे. घरी जमत नाही असे दिसले, तर शाळेत परत जाण्यात कोणतीही नामुष्की नाही.

परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिच्या दहावीसाठी किमान १४ वर्षे आणि बारावीसाठी १५ वर्षे वय लागते. मराठी आणि उर्दू माध्यमातूनही दहावी देता येते. महाराष्ट्राचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही परीक्षा घेते. राज्य मंडळाच्या नेहमीच्या परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून बसायचे, तर १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. तो परीक्षेच्या बरेच महिने आधी. म्हणून जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवावा.

राष्ट्रीय मुक्त शाळेत एकदा नाव घातले की पाच वर्षे ते चालते आणि परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. ही मोठी सवलत आहे, आणि तोच धोकाही. नऊ संधी आहेत म्हटल्यावर पहिली सहज हुकते, मग दुसरी. म्हणूनच या मुलीने "दहावी करणे" असे न लिहिता महिना आणि वर्ष लिहिले.

कागदाचे महत्त्व हुशार मुलांनाही चुकत नाही. मुंबईच्या मालविका जोशी हिने सातवीनंतर शाळा सोडली, घरी शिकून संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवले आणि २०१६ साली तिला अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश मिळाला. पण बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आपल्या आयआयटीचे दार तिला बंदच होते. पदके मिळवणाऱ्या मुलीची ही कथा, तर आपल्या मुलांनी दाखल्याशिवाय राहावे असे कोणता पालक म्हणेल?

वर्षाचे चार थांबे

जानेवारीत लिहिलेले डिसेंबरात वाचायचे, तर मधले अकरा महिने विसरण्यात जातात. म्हणून या घराने वर्षात चार थांबे ठेवले आहेत. पहिला जानेवारीचा. दुसरा रमजानच्या आधीचा. २०२६ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होत आहे, तेव्हा त्या महिन्यात नवे विषय घ्यायचे नाहीत, फक्त तिलावत, हिफ्जची उजळणी आणि वाचन. तिसरा जूनचा. हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून ते दरवर्षी मागे सरकते. यंदा हिजरी १४४८ चा मुहर्रम चंद्रदर्शनानुसार जूनच्या मध्यास, म्हणजे शाळा उघडण्याच्याच दिवसांत येतो आहे. चौथा थांबा दिवाळीच्या सुट्टीचा.

थोरलीने मुक्त शाळेची एप्रिल-मेची परीक्षा निवडली त्यालाही हेच गणित आहे. राज्य मंडळाची दहावी फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि पुढच्या वर्षीही रमजान त्याच सुमारास आहे. रोजे आणि तरावीह सांभाळून शाळेतली हजारो मुले ती परीक्षा देतातच. पण हिला निवड होती, तिने ती केली.

शिवाय दर महिन्याला एक दिवस जवळच्या भिलारला जायचे ठरले आहे. २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव आहे. तेथे लोकांच्या घरांत पुस्तके मांडलेली आहेत आणि कोणीही बसून वाचू शकतो. धाकटीचे उद्दिष्ट तेवढेच: बारा फेऱ्या, बारा गोष्टींची पुस्तके, आणि प्रत्येक गोष्ट दादींना सांगायची.

आपली मुले शाळेत जात असोत की घरी शिकत असोत, अशी बैठक कोणत्याही घरात होऊ शकते. खर्च एका वहीचा. प्रत्येक मुलाची तीनच उद्दिष्टे लिहा: एक दीनचे, एक अभ्यासाचे, एक हाताच्या कामाचे. प्रत्येकापुढे तारीख घाला. घराबाहेरचा एक साक्षीदार नेमा, मामू असोत वा शेजारच्या बाजी. घरात मुलगी असेल तर तिच्या पानावर पुढच्या परीक्षेचा महिना आणि वर्ष लिहिल्याशिवाय वही मिटू नका. हिसाब ठेवणे ही आपल्याला शिकवलेलीच गोष्ट आहे. अल्लाह आपल्या मुलांच्या ज्ञानात बरकत देवो. आमीन.