बॉम्ब मुंबईत घडला, हिशेब कुणी मांडला?

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. एवढ्या व्याप्तीची तालीम १९७१च्या युद्धानंतर प्रथमच होत होती. सरकारच्या यादीत महाराष्ट्रातली तीन ठिकाणं पहिल्या श्रेणीत होती: मुंबई, उरण आणि तारापूर. मुंबईत क्रॉस मैदानावर दुपारी चारला प्रात्यक्षिकं झाली आणि संध्याकाळी लोक नेहमीच्या लोकलने घरी परतले.

त्यांतले हजारो जण मिरा रोडला उतरतात आणि पूर्वेला शांतीनगरात शिरतात. नकाशा समोर ठेवला की या वसाहतीची जागा लक्षात येते. दक्षिणेला सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आहे आणि उत्तरेला साठ-पासष्ट किलोमीटरवर तारापूरचं अणुवीज केंद्र. मुंबईत घर परवडेना म्हणून इथे आलेल्या कुटुंबांनी अर्थातच हा नकाशा पाहून घर घेतलेलं नव्हतं. ज्या बांधकाम कंपनीने ही वसाहत उभारली, त्या शांतीस्टारच्याच नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली निवारा हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. त्या निवाऱ्यावर अण्वस्त्रयुगाची सावली आहे ती मात्र ट्रॉम्बेच्या टेकडीपासून.

भारताच्या अणुबॉम्बची कहाणी पोखरणपासून सांगायची आपल्याला सवय आहे. वाळवंट, स्फोट, हादरलेली जमीन. पण पोखरणला बॉम्ब फक्त फुटला. घडला तो मुंबईत. डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने १९५४ साली ट्रॉम्बेला अणुऊर्जा संस्था सुरू झाली. १९५६ साली ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि १९६० साली कॅनडाच्या मदतीने उभारलेली ४० मेगावॉटची ‘सायरस’. तिच्यासाठी लागणारं जड पाणी अमेरिकेने पुरवलं होतं. मदत शांततेच्या कामासाठी होती. पण भट्टीत जळालेल्या युरेनियममधून प्लुटोनियम वेगळं काढणारा कारखाना १९६४ साली ट्रॉम्बेतच सुरू झाला आणि १८ मे १९७४ रोजी जो स्फोट झाला, त्याचं प्लुटोनियम ‘सायरस’मधलं होतं. १९९८च्या चाचण्यांची सामग्रीही इथूनच गेली. १ मेच्या, म्हणजे महाराष्ट्र दिनाच्या पहाटे तीनच्या सुमारास लाकडी खोक्यांनी भरलेले ट्रक भाभा केंद्रातून मुंबई विमानतळावर पोचले आणि तिथून एएन-३२ विमानाने ती खोकी जैसलमेरला रवाना झाली. शहर झोपेत होतं.

दोन्ही चाचण्यांत सहभागी असलेले डॉ. अनिल काकोडकर हे रुपारेल आणि व्हीजेटीआयचे विद्यार्थी. गोवा मुक्तिलढ्यात तुरुंगवास सोसलेले पुरुषोत्तम काकोडकर आणि गांधीविचाराच्या कमलाताई यांचे ते चिरंजीव. ज्या घरात सूतकताई आणि सत्याग्रह यांचे संस्कार, त्याच घरातला मुलगा देशाच्या अण्वस्त्र कार्यक्रमाच्या अग्रभागी यावा, यात स्वातंत्र्यानंतरच्या भारताची सगळी ओढाताण दिसते. या शास्त्रज्ञांच्या बुद्धीबद्दल आणि निष्ठेबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्या शहराने हे अस्त्र घडवलं, त्याने स्वतःवर ते पडलं तर काय होईल याचा विचार कधी केला का?

मोठा स्फोट म्हणजे काय, हे मुंबईने एकदा अनुभवलेलं आहे. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या ब्रिटिश जहाजावर कापसाच्या गाठी होत्या, सोन्याच्या विटा होत्या आणि सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. दुपारी कापसाने पेट घेतला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटली. दादरपर्यंत काचा फुटल्या. मृतांचा आकडा आठशे ते तेराशेच्या दरम्यान सांगितला जातो. त्यांत आग विझवायला धावलेले ६६ अग्निशामक जवान होते. हजारो लोक बेघर झाले आणि ढिगारे उपसायला आठ हजार माणसांना सात महिने लागले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो या जवानांच्या स्मरणार्थ.

हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बची ताकद सुमारे १५ हजार टन टीएनटीइतकी होती. म्हणजे ‘फोर्ट स्टिकिन’वरच्या साठ्याच्या दहापट, आणि वर उष्णता व किरणोत्सर्ग. तोही आजच्या मानाने लहान बॉम्ब. तोच मुंबईवर पडला तर? हा हिशेब सरकारने जाहीरपणे मांडला नाही. तो भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमणा यांनी १९९९ साली मांडला. अणुयुद्धाविरोधात काम करणाऱ्या आणि नोबेल शांतता पुरस्कार मिळालेल्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तो प्रसिद्ध केला. बॉम्ब नेमका कुठे पडतो आणि तिथे वस्ती किती दाट आहे, त्यानुसार मृतांची संख्या दीड लाखापासून साडेआठ लाखांपर्यंत जाते, असं त्यांचं गणित सांगतं. त्यानंतरच्या पाव शतकात मुंबई आणखी उंच आणि आणखी दाट झाली आहे.

शांतीनगरचं काय? फोर्ट भागात स्फोट झाला तर अंतर चाळीसेक किलोमीटरचं. इथल्या इमारती पडणार नाहीत. इथे पोचतील ती माणसं. पश्चिम रेल्वे बंद पडलेली, वीज गेलेली, फोन मुके. अशा वेळी द्रुतगती महामार्गावरून आणि रुळांवरून पायी उत्तरेकडे निघालेला लोंढा दहिसर ओलांडून मिरा रोडमध्ये शिरेल. त्यांतले अनेक जण भाजलेले असतील. भाजलेल्या रुग्णाला स्वतंत्र खोली, शिरेतून सतत द्रव, रक्त, जंतुविरहित पट्ट्या आणि आठवडेच्या आठवडे शुश्रूषा लागते. या कामासाठी सुसज्ज खाटा अख्ख्या मुंबई परिसरात मोजक्या आहेत: भायखळ्याचं मसिना, कस्तुरबा, ऐरोलीचं राष्ट्रीय बर्न्स केंद्र. २०११च्या जनगणनेतच मिरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. एखाद्या कारखान्याच्या आगीतले दहा-वीस रुग्ण आले तरी आपली रुग्णालयं हातघाईवर येतात. हिरोशिमात शहरातले बहुसंख्य डॉक्टर आणि परिचारिका स्वतःच मृत किंवा जखमी झाले होते. रेडक्रॉसचे डॉ. मार्सेल जुनो औषधांचा मोठा साठा घेऊन तिथे पोचले ते ८ सप्टेंबरला, बॉम्ब पडून महिना उलटल्यावर.

भोंगे वाजवून दिवे मालवण्याच्या तालमी बॉम्बफेकीसाठी, क्षेपणास्त्रासाठी उपयोगी आहेत, त्या व्हायलाच हव्यात. पण अण्वस्त्रावर त्या उपाय नाहीत, हे लोकांना स्पष्ट सांगायला हवं.

अण्वस्त्रांनी युद्ध थांबवलं असंही म्हणता येत नाही. पोखरणनंतर वर्षभरातच कारगिल झालं. हवाई दलाला नियंत्रण रेषा न ओलांडण्याची मर्यादा पाळावी लागली आणि किंमत पायदळाने मोजली. ४ जानेवारी २००३ रोजी भारताने आपलं धोरण जाहीर केलं: अण्वस्त्राचा प्रथम वापर नाही, पण हल्ला झाला तर प्रचंड प्रत्युत्तर. ‘सिप्री’ या स्वीडिश संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२५च्या सुरुवातीला भारताकडे १८० आणि पाकिस्तानकडे १७० अण्वस्त्रं होती. प्रथम वापर न करण्याचं भारताचं वचन मोलाचं आहे आणि ते सैल करा म्हणणाऱ्यांना विरोध व्हायला हवा.

महासंहारक अस्त्रं एकदा हाती आली की सोडता येत नाहीत, हाही समज खोटा आहे. भारताकडे एक हजार टनांहून अधिक मस्टर्ड वायूचा साठा होता. रासायनिक अस्त्रबंदी करारानुसार १९९७ साली आपण तो जाहीर केला आणि २००९ साली आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली पूर्ण नष्ट केला. देशाची सुरक्षा त्याने काडीइतकीही कमी झाली नाही.

भारत आणि पाकिस्तान यांच्यातही एक करार आहे. ३१ डिसेंबर १९८८ रोजी तो झाला. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही आणि दर १ जानेवारीला त्यांच्या याद्या एकमेकांना द्यायच्या, असं त्यात ठरलं. १९९२ पासून कारगिल, संसदेवरचा हल्ला, २६/११, पुलवामा असं सगळं होऊनही ही देवाणघेवाण चुकलेली नाही. या करारात अणुभट्ट्या आहेत, इंधनाचे कारखाने आहेत, शहरं नाहीत. मुंबई-ठाण्याच्या मतदारांनी पुढच्या निवडणुकीत दारात येणाऱ्या खासदारकीच्या उमेदवाराला एवढंच विचारावं: जे संरक्षण आपण अणुभट्टीला मिळवून दिलं, ते तिच्याभोवती राहणाऱ्या माणसांना मिळावं म्हणून दिल्लीत तुम्ही काय करणार आहात?