लहान आतड्याचा कर्करोग : दुर्मीळ, म्हणूनच दुर्लक्षित

कर्करोग म्हटला की तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा आठवतो. लहान आतड्याचे नाव कोणी घेत नाही. हे आतडे सुमारे २० फूट लांब, पचनमार्गाचा सर्वांत मोठा भाग. तरीही पचनमार्गाच्या दर १०० कर्करोगांत याचे ५ सुद्धा नसतात.

असे का? जाणकारांच्या मते येथे अन्न पातळ असते व लवकर पुढे सरकते. मोठ्या आतड्यापेक्षा जंतू फार कमी असतात आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी भरपूर असतात.

मग धोका कोणाला? वय वाढते तसा तो वाढतो. क्रोन्स हा आतड्याच्या दीर्घकाळच्या सुजेचा आजार किंवा गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सीलिअ‍ॅक आजार असणाऱ्यांना तो अधिक. काही घराण्यांत आतड्यात असंख्य पॉलिप, म्हणजे मांसल गाठी, होण्याचा आजार पिढीजात असतो. लिंच सिंड्रोमही तसाच. म्हणून घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तंबाखू व दारू तर अनेक कर्करोगांचे मूळच. मात्र धोका म्हणजे रोग नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

खरी अडचण निदानाची आहे. जेवणानंतर पोटात कळ, उलट्या, वजन घटणे, अंगात रक्त कमी होणे, शौचास काळे होणे ही लक्षणे इतर आजारांतही दिसतात. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच भासतो. तोंडातून किंवा गुदद्वारातून घातलेली नेहमीची दुर्बीण आतड्याच्या मधल्या भागापर्यंत पोचत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन किंवा गिळायची कॅमेऱ्याची कॅप्सूल लागते.

वस्तीत आम्ही पाहतो, खाडा पडला तर रोज बुडतो, म्हणून माणसे दुकानातून अ‍ॅसिडिटीची गोळी आणून महिनोन्‌महिने दिवस ढकलतात. आमचे सांगणे एवढेच : लक्षणे दोन-तीन आठवडे टिकली, तर सरकारी रुग्णालय गाठा. शौचास काळे होत असेल, तर तेवढेही थांबू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो. त्या चालू असल्यास तसे सांगा. पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या बाईत रक्त कमी निघाले, तर नुसत्या टॉनिकवर समाधान मानू नका; रक्त जाते कुठे, ते विचारा. कर्करोगाचे निदान झाल्यास महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करा.

आणि एक. कर्करोग संसर्गाचा रोग नाही. रुग्णाचे ताट-पेला वेगळा काढू नका. वेगळे ताट म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.