चौघांचं तिकीट, एकेकाचा भाव

आज रात्री जेवणं उरकली की मोबाइल घ्या आणि एवढं करून बघा. मे महिन्यातली कुठलीही तारीख, मुंबई ते बँकॉक, प्रवासी एक. भाव लिहून ठेवा. मग तीच तारीख, तेच विमान, प्रवासी चार. पुष्कळदा चौघांची रक्कम एकाच्या चौपट येत नाही, त्याहून जास्त येते! घाऊक घेतलं की स्वस्त, हा मंडईतला नियम विमानाला लागू नाही.

असं का होतं? इकॉनॉमीच्या सगळ्या सीट दिसायला सारख्या, पण विमान कंपनीच्या संगणकात त्या वेगवेगळ्या भावांच्या खणांत मांडलेल्या असतात. प्रत्येक खणाला रोमन लिपीतलं एक अक्षर. खालच्या, स्वस्त खणात तीनच सीट उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्या, तर यंत्रणा बहुतेक वेळा तीन स्वस्त आणि एक महाग असं देत नाही. चारही सीट वरच्या खणातून काढते. समजा, खालचा भाव १८,००० आणि वरचा २२,०००. चार तिकिटं एकदम काढली तर ८८,०००. आधी तीन आणि मग एक काढलं तर ५४,००० अधिक २२,०००, म्हणजे ७६,०००. बारा हजार वाचले, तेही दहा मिनिटांत. परदेशात चौघांची चार-पाच जेवणं त्यात निघतात.

पण एक काळजी घ्याच. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, विमान कंपन्यांना सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, त्याच पीएनआरवर असलेल्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारची सीट द्यायची. ‘त्याच पीएनआरवर’ हे शब्द महत्त्वाचे. म्हणून तिकिटं फोडायची तर आई आणि दोन्ही मुलं एका पीएनआरवर, बाबा दुसऱ्यावर. मूल एकटं वेगळ्या पीएनआरवर कधीही नको. आणि काढून झाल्यावर कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घ्या, म्हणजे विमान रद्द झालं तर एकाची सोय एकीकडे आणि बाकीच्यांची दुसरीकडे, असं व्हायची भीती कमी होते.

दोन आणि बारा

विमानाच्या दुनियेत दोनच वाढदिवस मोठे: दुसरा आणि बारावा. दोन वर्षांच्या आतलं बाळ मांडीवर बसून जात असेल, तर परदेशाच्या प्रवासात मोठ्या कंपन्या साधारणपणे मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के घेतात. दोन ते अकरा वयाला काही कंपन्यांत थोडी सूट असते. बाराव्या वाढदिवसाला मूल तिकिटापुरतं मोठं माणूस होतं. स्वस्त कंपन्यांचं गणित वेगळं: बाळाचे ठरावीक पैसे आणि दोन वर्षांपुढच्या मुलांना सूट नाही.

वय मोजतात ते प्रवासाच्या दिवशीचं, तिकीट काढल्याच्या दिवसाचं नाही. जाताना बाळ एक वर्ष अकरा महिन्यांचं आणि परतताना दोन पूर्ण, तर येताना त्याला स्वतःची सीट घ्यावी लागते. वाढदिवस मेमध्ये असेल तर सहल एप्रिलमध्ये उरकणं हा सरळ हिशोब आहे.

ब्रिटनमधल्या मराठी घरांसाठी एक खास गोष्ट. तिथून उडणाऱ्या प्रवाशावर एअर पॅसेंजर ड्यूटी नावाचा कर बसतो आणि भारताइतक्या अंतराला तो माणशी शंभर पौंडांच्या आसपास जातो. पण इकॉनॉमीत बसणाऱ्या सोळा वर्षांखालच्या मुलांना तो पूर्ण माफ आहे. लंडनहून मुंबईला आजी-आजोबांकडे येताना मुलांची वयं नीट भरा आणि तिकिटाच्या तपशिलात हा कर मुलांच्या नावापुढे लागलेला नाही ना, ते बघा.

विमानात गेलेले पैसे जमिनीवर थोडे परत येतात. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मी आणि सहाच्या आत शून्य. स्वित्झर्लंडमध्ये आई-बाबांनी स्विस ट्रॅव्हल पास घेतला की फॅमिली कार्डावर सोळाच्या आतली मुलं त्यांच्याबरोबर रेल्वे, बस, बोट सगळ्यांत फुकट. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अठराच्या आतल्यांना तिकीट नाही. जागा ठरवताना फक्त विमानाचा आकडा पाहू नका. लहान मुलांच्या घराला कुठला देश स्वस्त पडेल, ते तिथे उतरल्यावरच्या दरांवरही ठरतं.

१,७२० रुपयांत लंडन

८ जून १९४८. एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, कैरो आणि जिनिव्हामार्गे, ३५ प्रवासी घेऊन. जाहिरातीतला महाराजा सांगत होता: दर मंगळवारी लंडन, फक्त १,७२० रुपयांत. त्या काळी ही रक्कम किती मोठी होती हे आपले आजी-आजोबा सांगतील.

अटलांटिकवर ‘टुरिस्ट’ वर्ग आला १९५२ मध्ये आणि ‘इकॉनॉमी’ हा शब्द १९५८ मध्ये. फ्रेडी लेकरच्या स्कायट्रेन या विमानसेवेने १९७७ मध्ये लंडन ते न्यूयॉर्क ५९ पौंडांत नेलं; आधी बुकिंग नाही, रांगेत उभं राहायचं आणि तिकीट घ्यायचं. पण मला सगळ्यांत आवडते ती आइसलँडची लॉफ्टलायडिर. विमानं जुनी, धिम्या गतीची, वाटेत आइसलँडला थांबा, उतरायचं लक्झेंबर्गला. म्हणून भाडं सगळ्यांत कमी. हिप्पी तरुण इतके बसायचे की तिचं नावच हिप्पी एअरलाइन पडलं. लक्झेंबर्गला उतरून रस्त्याने पूर्वेकडे निघालेल्यांतले काही थेट आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर येऊन टेकले.

वाटेत थांबणारं विमान स्वस्त, हे सूत्र आजही बदललेलं नाही. फक्त मुलं बरोबर असतील तर थांबा तीन ते पाच तासांचा बघा. दीड तासाच्या थांब्यात धावपळ होते आणि अकरा तासांच्या थांब्यात वाचलेले पैसे विमानतळावरच्या खाण्यात जातात. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या. दोन वेगळ्या कंपन्यांची वेगळी तिकिटं जोडली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसरी कंपनी तुमची वाट बघायला बांधील नसते.

दुबई जवळ, मग भाव का चढा?

भाडं अंतरावर ठरतं असं वाटतं. ठरतं ते सीट किती आणि माणसं किती यावर. दोन देशांमध्ये आठवड्याला किती सीट उडवायच्या, हे सरकारं करार करून ठरवतात. भारत आणि दुबई यांच्यातली मर्यादा २०१४ मध्ये ठरली, प्रत्येक बाजूला आठवड्याला साधारण ६५ हजार सीट, आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ ती तशीच राहिली. या काळात जाणारी माणसं किती वाढली ते डोळ्यांपुढे आणा. दिवाळीत दुबईचं तिकीट का भडकतं, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

भाडं चढण्याचं दुसरं कारण नकाशावर. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद झालं आणि युरोप-अमेरिकेच्या काही उड्डाणांना, विशेषतः उत्तर भारतातून निघणाऱ्या, लांबचा वळसा पडला. वळसा म्हणजे इंधन आणि इंधन म्हणजे भाडं. विमान कंपन्या यात मालामाल होतात असंही नाही. त्यांची जागतिक संघटना, आयाटा, सांगते की अलीकडे एका प्रवाशामागे जगभरातल्या कंपन्यांचा निव्वळ नफा सात-आठ डॉलरच्या आसपास आहे.

आणि हो, तीच तारीख पुन्हा पुन्हा शोधली म्हणून तुमच्यासाठी भाव वाढवतात, या समजुतीला ठोस पुरावा मिळालेला नाही. भाव चढलेला दिसला, तर बहुधा दरम्यान स्वस्त खणातली सीट कुणीतरी घेतलेली असते.

कालनिर्णय उघडा

खरी बचत भिंतीवर टांगलेली असते. मुंबई-पुण्याकडच्या राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, पण विदर्भात उन्हामुळे त्या जूनच्या अखेरीला सुरू होतात. म्हणजे नागपूर, अमरावती, अकोल्याच्या मुलांना बाकी महाराष्ट्र शाळेत गेल्यानंतरचे काही दिवस मोकळे मिळतात आणि जवळच्या देशांची गर्दी तोवर ओसरायला लागलेली असते. विदर्भकरांनो, ही तुमची हक्काची खिडकी आहे, ती वाया घालवू नका!

दुसरी युक्ती म्हणजे आपला मे ज्यांच्याकडे गर्दीचा नाही, तो देश शोधायचा. मॉरिशस बघा. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे आपल्याकडे अंगाची लाही होते तेव्हा तिथे हिवाळ्याची चाहूल लागते. वादळांचे महिने सरलेले असतात आणि युरोपचे पाहुणे डिसेंबरच्या मानाने कमी असतात. मुंबईहून थेट विमान आहे आणि भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही. वर तिथे एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज भेटतात आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मुलांना समुद्र दाखवायचा आणि आपली माणसं कुठवर पोचली तेही दाखवायचं, असा योग दुसरीकडे क्वचित.

मुंबईच कशाला?

सोलापूरहून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे आणि नांदेडहून तर निम्म्या अंतरावर. सावंतवाडीकरांना गोव्यातल्या मोपाचा विमानतळ तासाभराच्या आत. तरी सवयीने सगळे मुंबईचंच तिकीट शोधतात. आता नवी मुंबईचा विमानतळही डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय. भाव पाहताना तीन विमानतळ पाहा आणि त्यात घरापासूनचं टॅक्सीचं भाडं मिळवा.

काका-आत्या मिळून दहा डोकी झाली तर विमान कंपनीचा ग्रुप विभाग दार उघडतो. दर नेहमीच सगळ्यांत कमी नसतो, पण दहाही जणांना एकच भाव मिळतो, सगळे पैसे एकदम भरावे लागत नाहीत आणि नावं नंतर देता येतात. एकत्र कुटुंबाला हे फार सोयीचं.

परदेशाच्या टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, कापतात तेव्हा पैसे गेले असं समजू नका. आयकर विवरणपत्र भरताना ते वळते होतात किंवा परत मिळतात. शिवाय नुसतं परदेशाचं विमान तिकीट काढलं तर त्याला पॅकेज म्हणतच नाहीत.

अमेरिकेतल्या मंडळींना आणखी एक आधार आहे. तिथून निघणाऱ्या किंवा तिथे जाणाऱ्या विमानाचं तिकीट प्रवासाच्या किमान सात दिवस आधी थेट कंपनीकडून काढलं, तर चोवीस तासांत ते दंडाशिवाय रद्द करता येतं किंवा त्याच भावाला राखून ठेवता येतं.

पुडिंगवर जगप्रवास

१९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनियरने एका खाद्यकंपनीची योजना बारकाईने वाचली: लेबलं पाठवा, विमानाचे मैल मिळवा. सगळ्यांत स्वस्त काय, तर पुडिंगचे छोटे कप. त्याने ३,१४० डॉलरमध्ये १२,१५० कप घेतले. लेबलं सोलणार कोण? पुडिंग एका सेवाभावी संस्थेला दान केलं आणि तिथल्या लोकांनी लेबलं सोलून दिली. हाती आले साडेबारा लाख मैल! आपल्यासाठी यातला धडा साधा आहे. काही विमान कंपन्यांत घरातल्या सगळ्यांचे पॉइंट एका खात्यात जमा करता येतात. चौघांचे थेंब एका भांड्यात पडले तरच एखादं तिकीट निघतं.

१२ तारखेचे दोन दहा

मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकडे पहाटे-सकाळी उतरून पुढचं विमान पकडता यावं, हा त्यातला हिशोब. फ्रँकफर्टला रात्री अकरा ते पहाटे पाच विमानं उतरवायलाच बंदी आहे. रात्रीच्या विमानामुळे हॉटेलची एक रात्र वाचते, पण तारीख भल्याभल्यांना चकवते.

डोंबिवलीला माझ्या आत्याकडे हे घडलं. तिकिटावर १२ मे, ०२:१०. घरात सगळे १२ तारखेच्या रात्रीची तयारी करत होते. ११ ला संध्याकाळी साडेसातला शेजारचा मुलगा टॅक्सी ठरवून द्यायला आला, तिकीट हातात घेतलं आणि म्हणाला, “काकू, हे आज रात्रीचं आहे.” कुकर चढलेला, दोऱ्या कपड्यांनी भरलेल्या, एक बॅग अजून माळ्यावर. विमान चुकलं असतं तर पाच जणांचे सगळे पैसे गेले असते. त्या मुलाने कपडे काढले, बॅगा भरल्या आणि भरताना आत्याने मुलीसाठी घेतलेली सुक्या खोबऱ्याची पिशवी बाजूला ठेवली. सुकं खोबरं तेलकट, आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं, म्हणून सामानात चालत नाही. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीतून काढून मोठ्या बॅगेत गेली. पावणेनऊला टॅक्सी निघाली, साडेदहाला सगळे विमानतळावर होते.

खोबरं शेजारीच राहिलं. आत्या परत आली तेव्हा शेजाऱ्यांनी त्याची लसूण घालून केलेली चटणी, बरणीभर, तिच्या दाराशी आणून दिली.