प्रश्नचिन्हांचा दिवस

सकाळी ८. वंशवृक्ष आणि त्यातल्या फाट्यांची वयं काढणाऱ्या बीस्ट या प्रोग्रॅमचं रात्रभर चाललेलं गणित संपलंय. त्याची लॉग फाइल ट्रेसर या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये उघडते, सुरुवातीचा दहा टक्के भाग बर्न-इन म्हणून वगळते. ईएसएस, म्हणजे परिणामकारक नमुन्यांचा आकडा, २०० च्या वर हवा. एनडी२ जनुकाच्या घड्याळाचा, म्हणजे जनुकातल्या बदलांवरून काळ मोजणाऱ्या गणिताचा, तेवढा आहे, रॅग-१ चा नाही.

९.३०. जनुकांची जुळणी पुन्हा नजरेखालून घालते. सह्याद्रीतल्या निमास्पिस पाली. दिवसा खडकांवर, झाडांच्या बुंध्यांवर दिसणाऱ्या, डोळ्यांत गोल बाहुली असलेल्या. मायटोकॉन्ड्रियातलं एनडी२ बहुतेकींचं मिळालं, पेशीकेंद्रातलं रॅग-१ थोड्यांचंच. फॉर्मॅलिनमधल्या जुन्या नमुन्यांत डीएनएचे तुकडे झालेले असतात. त्यांच्या ओळीत नुसती प्रश्नचिन्हं.

११. सहकारी विचारतो, “ताई, अर्धवट नमुने काढूनच टाकू का?”

“नको. एका डोंगरापुरती असलेली जात अशीच हातची जाते.”

मग फळ्यासमोर बसतोच आम्ही. फेल्सनस्टाइनच्या १९८१ च्या पद्धतीत प्रश्नचिन्ह म्हणजे शून्य नव्हे. त्या जागी ए, सी, जी, टी चारही सारखेच शक्य धरले जातात, त्यामुळे ते टोक कुठल्याच बाजूने बोलत नाही. वंशवृक्षातली पालीची जागा एनडी२ सांभाळून घेतं. अडतं ते घड्याळापाशी. ड्रमंड आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मांडलेल्या शिथिल घड्याळात प्रत्येक फांदीला बदलाचा स्वतःचा वेग असतो. रॅग-१ ला वेगळं घड्याळ दिलं, तर ज्या पालीचं रॅग-१ मिळालेलंच नाही तिच्या फांदीलाही वेग लागतो, आणि तो येतो निव्वळ प्रायरमधून, म्हणजे आपण आधी धरलेल्या अंदाजातून. छापलेल्या आकृतीत तो वेग मोजलेल्या वेगांसारखाच दिसतो. मला याचीच सर्वांत धास्ती वाटते.

दुपारी २. जनुकांची माहिती बाजूला ठेवून फक्त प्रायरवर गणित चालवलं. एका जुन्या फाट्याचं वय दोन्हीकडे जवळपास तेच निघालं. तिथे पाली काहीच सांगत नाहीयेत. तो आमचाच अंदाज आम्हाला परत मिळतोय. लेखात हे वय निष्कर्ष म्हणून जाणार नाही, असं तिथल्या तिथे ठरवलं.

४. बीस्टसाठी मांडणी करणाऱ्या ब्यूटी या प्रोग्रॅममध्ये दोन्ही जनुकांना एकच घड्याळ जोडलं. रॅग-१ सावकाश बदलतं, म्हणून सापेक्ष वेग मात्र वेगळा मोजायला ठेवला.

६.३०. वेगवेगळ्या सीडवर, म्हणजे यादृच्छिक सुरुवातीच्या आकड्यांवर, बीस्टच्या गणिताच्या दोन साखळ्या सुरू केल्या. त्या चालू असताना तक्ता भरायला घेतला: कुठल्या नमुन्याचं कुठलं जनुक किती मिळालं. पुरवणीत नाही, मुख्य लेखातच, वंशवृक्षाच्या शेजारी.