गांवचा कारभार आणि हाताला काम

मुलें शिकून शहरास जातात आणि मागें घर ओस पडतें, ही तक्रार आम्ही पुष्कळ ऐकतों. गांवांत उद्योग नाहीं, तेव्हां सरकारनें कारखाना काढावा, असें म्हणून आपण मोकळे होतों. पण ग्रामपंचायतीच्या हातीं कांहींच नसतें काय?

अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें गांव पाहावें. १९७२ च्या दुष्काळानंतर तेथील पुष्कळ कुटुंबें पोटासाठीं बाहेर पडलीं. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. रोजगार हमी व पुढें आदर्श गांव या योजनांचा पैसा पंचायतीनें डोंगरउतारावर चर खणण्याकडे, बांधबंदिस्तीकडे व झाडें लावण्याकडे वळविला. मजुरी गांवांतच मिळाली, आणि त्याच श्रमांनीं पाणी अडलें.

खरी कसोटी पुढेंच होती. शेतीसाठीं कूपनलिका खणावयाची नाहीं, ऊंस लावावयाचा नाहीं, गुरें मोकाट चारावयाचीं नाहींत, असे निर्बंध गांवानें स्वतःवर घालून घेतले. पुढें तर दरवर्षीं पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत पडली. विहिरींस पाणी आलें. पाण्यानें चारा, चाऱ्यानें दूध आणि दुधानें घरांत रोजचा पैसा आला. बाहेर गेलेलीं कुटुंबें परतूं लागलीं.

मिळालेल्या पैशापेक्षां पाळलेला नियम मोठा, असें आम्हांस वाटतें. कोठीची किल्ली जबाबदार हातीं असली तरच एकत्र कुटुंबाचें वर्ष निभावतें. गांवच्या पाण्याचेंही तसेंच आहे. आपल्या गांवची ग्रामसभा केव्हां भरते, हें आपल्यापैकीं किती जणांस ठाऊक आहे?