विद्यार्थ्यांचे अभिप्राय: मोकळ्या चौकटीत लिहिलेल्याचे काय करावे?

सत्र संपत आले की महाविद्यालयांतून ऑनलाइन अभिप्रायाचे दुवे फिरू लागतात. गुणांचे पर्याय विद्यार्थी भराभर निवडतात. खरा प्रश्न असतो शेवटच्या मोकळ्या चौकटीचा. 'नॅक'च्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणातही वीस वस्तुनिष्ठ प्रश्नांनंतर एकविसावा प्रश्न अध्यापन सुधारण्यासाठी तीन सूचना मागतो.

'सर छान शिकवतात' या वाक्यातून शिक्षकाच्या हाती काही लागत नाही. 'तिसरे प्रकरण दोन तासांत उरकले' यातून लागते. म्हणून अभिप्राय आधी विषयवार लावावेत: शिकवण्याचा वेग, अभ्याससाहित्य, मूल्यमापन, वर्तन. मग कोणता मुद्दा किती जणांनी मांडला ते मोजावे. चाळीस बऱ्या शब्दांतला एक विखारी शब्दच मनात रुतून बसतो. मोजणी केली की त्याचे खरे वजन कळते.

ही चाळणी त्या शिक्षकाने स्वतः न करता विभागातील अन्य जबाबदार व्यक्तीने करणे बरे. रूप, जात, उच्चार यांवरची शेरेबाजी शिक्षकापर्यंत पोहोचण्याचे कारण नाही. मात्र छळाचा किंवा धमकीचा उल्लेख असलेला मजकूर शेरेबाजीबरोबर पुसून टाकणे हा गंभीर प्रमाद ठरेल. लैंगिक छळाच्या चौकशीसाठी अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी तक्रार लागते आणि निनावी चौकटीतून ती होत नाही. तेव्हा तक्रार कुठे करावी, हे अर्जाच्या आरंभीच ठळकपणे सांगितलेले असावे.

निनावीपणाही वाटतो तितका पक्का नसतो. सहा जणांच्या वर्गात 'मी विचारलेल्या शंकेला उत्तर मिळाले नाही' एवढ्यावरून लिहिणारा ओळखू येतो. लहान वर्गांचे अभिप्राय म्हणूनच गोषवाऱ्याच्या रूपात, तेही निकाल लागल्यावरच द्यावेत.

या अभिप्रायांवर शिक्षकाची नेमणूक वा बढती ठरवावी का? अमेरिकेतील एका ऑनलाइन अभ्यासक्रमात शिक्षकांची स्त्री-पुरुष ओळख अदलाबदल करून दाखवली गेली, तेव्हा पुरुष समजल्या गेलेल्या शिक्षकाला अधिक गुण मिळाले. २०१५ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग लहानच, जेमतेम एका वर्गाएवढा. पण धडा घेण्याजोगा. टोरोंटोच्या रायर्सन विद्यापीठातील वादात तर २०१८ साली लवादाने निर्णय दिला, की बढतीसाठी अध्यापनाची परिणामकारकता मोजण्यास हे गुण वापरू नयेत. नेमणुकीचे नूतनीकरण दर वर्षी होणाऱ्या कंत्राटी प्राध्यापकासाठी हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही.

उत्तरे देणाऱ्यांची संख्या ऑनलाइन पद्धतीत बहुधा घटते. मागील तुकडीने काय सुचवले आणि त्यातले काय बदलले, हे नव्या सत्राच्या पहिल्याच तासाला पाच मिनिटांत सांगितले, तर अर्ज भरण्याला विद्यार्थ्यांकडे काही कारण तरी उरते.